वायुरूप विक्रियांचा वेग व तापमान

वायूंमधील बहुतेक रासायनिक विक्रियांचा वेग तापमान वाढविल्यास झपाट्याने वाढतो. ही वाढ इतकी मोठी का असते, या प्रश्नाचा मागोवा घेताना रासायनिक गतिकी या शाखेचा पुष्कळसा भाग घडत गेला.

जे. एच. व्हांट हॉफ (१८५२–१९११) यांनी १८८४ मध्ये वेगस्थिरांक व तापमान यांचा संबंध दर्शविणारी समीकरणे मांडली. त्यांच्या आधारे स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ एस. ए. आऱ्हेनियस (१८५९–१९२७) यांनी १८८९ मध्ये असे प्रतिपादन केले की, सर्वच रेणू विक्रियाक्षम नसतात. सामान्य रेणूंशी समतोल असलेले काही थोडे ‘सक्रिय’ रेणूच विक्रियेत भाग घेतात आणि तापमानाबरोबर त्यांचे प्रमाण वाढते. यावरून वेगस्थिरांकाचा लॉगरिथम निरपेक्ष तापमानाच्या व्यस्तांकाबरोबर सरळ रेषेत बदलतो, असा नियम मिळाला. रेषेच्या उतारावरून सक्रियण ऊर्जा काढता येते. आऱ्हेनियस यांनी वापरलेली माहिती मुख्यत्वे विद्रावांतील विक्रियांची होती.

वायूंच्या बाबतीत नियमाची कसोटी माक्स बोडेनस्टाइन (१८७१–१९४२) या जर्मन शास्त्रज्ञांच्या प्रयोगांत लागली. हायड्रोजन आयोडाइड भरून बंद केलेले काचेचे फुगे ते उकळत्या गंधकासारख्या पदार्थांच्या बाष्पात ठराविक काळ ठेवीत, मग थंड करून आतील घटकांचे प्रमाण काढीत. उकळबिंदू स्थिर असल्याने तापमानही स्थिर राही. या मापनांनुसार २८३° से. पासून ५०८° से. पर्यंत जाताना विघटनाचा वेगस्थिरांक एक लक्ष पटीहून अधिक वाढतो. याच मर्यादेत रेणूंचा सरासरी वेग मात्र जेमतेम १९ टक्क्यांनी वाढतो. तेव्हा टकरी थोड्या अधिक होतात, एवढ्याने उलगडा होत नाही. सुमारे १८५ किलोजूल प्रती मोल एवढी ऊर्जा असलेल्या विरळ टकरीच फलदायी ठरतात व अशा टकरींचे प्रमाण तापमानाबरोबर घातांकी रीतीने वाढते, असे मानल्यास हा फरक समजतो. माक्स ट्राउट्स यांनी १९१६ मध्ये व डब्ल्यू. सी. मॅक्‌सी. ल्यूइस यांनी १९१८ मध्ये वायूंच्या गत्यात्मक सिद्धांतावरून टकरींवर आधारित गणित मांडले. ल्यूइस यांना मिळालेले हायड्रोजन आयोडाइडाच्या विघटनाचे मूल्य बोडेनस्टाइन यांच्या मापनाशी उत्तम जुळले.

अडचण उरली ती एकरेणवीय विक्रियांची. रेणू एकटाच फुटत असेल, तर त्याला ऊर्जा कोठून मिळते? टकरीतून मिळत असेल, तर वेग दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलावयास हवा. पण तसे आढळत नव्हते. झां पेरँ यांनी १९१९ मध्ये ही ऊर्जा पात्राच्या भिंतींतून येणाऱ्या अवरक्त प्रारणातून मिळते, असे सुचविले. टकरींचे गणित मांडणारे ल्यूइस हेही प्रारणाच्याच बाजूचे होते, हे लक्षणीय आहे. अर्व्हिंग लँगम्यूर यांनी उपलब्ध प्रारण गरजेच्या मानाने फारच अपुरे असल्याचे दाखविले. १९२१ मध्ये एफ. ए. लिंडेमान (१८८६–१९५७) यांनी तोड काढली : टकरीने सक्रिय झालेला रेणू लगेच फुटत नाही, मधल्या काळात दुसऱ्या टकरीत तो आपली ऊर्जा गमावू शकतो. म्हणून उच्च दाबास विक्रिया प्रथम कोटीची दिसते व दाब बराच कमी केल्यास द्वितीय कोटीची होते. सिरिल हिन्शेलवुड व इतरांच्या प्रयोगांत असा बदल आढळला आणि प्रारणाची कल्पना मागे पडली.

सर्वच विक्रिया या चाकोरीत बसत नाहीत. नायट्रिक ऑक्साइडाचे ऑक्सिजनाने होणारे ऑक्सिडीकरण तापमान वाढविल्यास मंदावते. नायट्रिक ॲसिडाच्या कारखान्यांत वायू थंड करतात, त्यामागे हेही एक कारण आहे. दोन नायट्रिक ऑक्साइड रेणूंची सैल जोडी आधी बनते व उष्णतेने ती मोडते, असे याचे एक स्पष्टीकरण आहे.

हायड्रोजन व आयोडीन यांच्या संयोगास मात्र द्विरेणवीय विक्रियेचा नमुना म्हणून पाठ्यपुस्तकांत अढळ स्थान होते. १९६७ मध्ये जॉन सलिव्हन यांनी प्रकाशाच्या साहाय्याने कमी तापमानास आयोडीन अणू निर्माण केले आणि विक्रियेचा वेग अणूंच्या संहतीच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याचे दाखविले. अणूंच्या या विक्रियेस सुमारे २२ किलोजूल प्रती मोल सक्रियण ऊर्जा लागते. आयोडीन रेणू फोडण्यास सुमारे १४९ किलोजूल लागतात. दोहोंची बेरीज उष्णतेने घडणाऱ्या मूळ विक्रियेच्या सक्रियण ऊर्जेएवढीच, म्हणजे सुमारे १७१ किलोजूल भरते. परिणामी दोन रेणूंची थेट टक्कर माना अथवा आधी आयोडीन फुटून अणूंमार्फत होणारी विक्रिया माना, आऱ्हेनियस यांची सरळ रेषा तीच राहते. तिच्या उतारावरून मार्ग ओळखता येत नाही. सलिव्हन यांच्या निष्कर्षावरही १९७४ मध्ये असा आक्षेप घेण्यात आला की, त्यांच्या मापनांनी थेट टकरीची शक्यता पूर्णपणे वगळली जात नाही.