ॲसिडिटी आणि वाढलेले वजन : गोळ्या चालू ठेवायच्या की ऑपरेशन करायचे?

छातीत जळजळ, आंबट ढेकर, रात्री घशाशी येणारे पाणी. घरात आपण याला ‘पित्त’ म्हणतो आणि मेडिकलमधून गोळी आणून वर्षानुवर्षे खातो. मग कोणीतरी सांगतो, ‘दुर्बिणीचे ऑपरेशन करून टाका, कटकट संपेल.’ वजन जास्त असेल तर हा निर्णय इतका सरळ नसतो.

वजनाचा संबंध काय?
अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये स्नायूंची एक झडप असते. पोटाचा घेर वाढला की जठरावर दाब येतो, झडप सैल पडते आणि आम्ल वर येते. भारतीयांसाठी बीएमआय 23 च्या पुढे जास्त वजन आणि 25 च्या पुढे लठ्ठपणा धरतात. उंची 165 सेंमी आणि वजन 80 किलो असेल तर बीएमआय 29 च्या वर जातो.

गोळ्या
ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या गोळ्या आम्ल कमी करतात, झडप दुरुस्त करत नाहीत. त्या जेवणाआधी अर्धा तास घ्यायच्या असतात. बरेच जण जेवल्यावर घेतात आणि ‘गुण येत नाही’ म्हणतात. 2019 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गोळीने फरक पडत नाही म्हणून आलेल्या 366 रुग्णांपैकी 42 जणांना दोन आठवडे नेमाने गोळी दिल्यावरच आराम पडला. सगळ्या तपासण्यांनंतर ऑपरेशन की औषध या तुलनेसाठी फक्त 78 जण उरले. त्यांच्यात मात्र ऑपरेशनचा फायदा स्पष्ट होता: 67 टक्के, तर औषधे वाढवूनही 28 टक्के.

अनेक वर्षे गोळी चालू असेल तर बी-12 आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकते, म्हणून डॉक्टरांना विचारून तपासणी करावी. गोळी एकदम बंद केली तर जळजळ उसळते. हळूहळू कमी करावी. जिलेटिनच्या कॅप्सूलबद्दल शंका असेल तर हेच औषध साध्या गोळीतही मिळते.

ऑपरेशन
नेहमीच्या ऑपरेशनमध्ये जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात. यानंतर काहींना गिळायला त्रास होतो, गॅस अडकतो, ढेकर येत नाही. वजन फार असेल तर पोटाचा दाब तसाच राहतो आणि गुंडाळी सैल पडण्याची भीती असते. म्हणून बीएमआय 35 च्या वर असेल तर अनेक सर्जन गॅस्ट्रिक बायपास सुचवतात. त्यात वजनही उतरते आणि आम्लही वर येत नाही. पण व्हिटॅमिन आयुष्यभर घ्यावे लागतात. वजन कमी करण्याच्या ‘स्लीव्ह’ ऑपरेशनने मात्र ॲसिडिटी वाढू शकते. सर्जनने स्लीव्ह सुचवले तर हा प्रश्न आधी विचारा.

रमजानमध्ये
रोजात गोळी सोडू नये. सेहरीच्या अर्धा तास आधी घ्यावी. किंवा खजूर-पाण्याने रोजा उघडून गोळी घ्यावी, मगरिबची नमाज पढावी आणि मग जेवावे. भजी-समोसे भरपेट खाऊन लगेच तरावीहला उभे राहिले की रुकू-सजद्यात आम्ल वर येते. सेहरी करून लगेच आडवे होऊ नये.

आमचे म्हणणे
आधी वजन उतरवा. थोडे किलो कमी झाले तरी पुष्कळांची जळजळ कमी होते. गोळी वेळेवर घ्या. तरीही त्रास राहिला तर एंडोस्कोपी आणि आम्ल मोजण्याची तपासणी करून घ्या. ऑपरेशनचा विषय त्यानंतर. गिळताना अडकणे, रक्ताची उलटी, काळी शौच किंवा कारण नसताना वजन घटणे, यातले काही दिसले तर मात्र थांबू नका. आणि छातीत दुखून घाम येत असेल, दुखणे हातात किंवा जबड्यात जात असेल, तर ते ‘पित्त’ समजून घरी बसू नका. तडक दवाखाना गाठा.