पोथ्यांची संख्या व पाठाचें प्रामाण्य

एका ग्रंथाच्या दहा पोथ्यांपैकीं आठांत एकच पाठ मिळाला, कीं तोच मूळ पाठ, असें अनुमान आपण संग्राहक सहज करितों. आमच्या मतें हें अनुमान सोपाधिक आहे. धूर तेथें अग्नि, ही व्याप्ति खरी; अग्नि तेथें धूर, ही खरी नव्हे. तप्त लोहगोलांत अग्नि असून धूर नाहीं. धुरास ओल्या इंधनाचा संयोग लागतो. सतराव्या शतकांतील अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहांत उपाधीचें हेंच उदाहरण आहे.

प्रस्तुत प्रकरणीं उपाधि साक्षींच्या स्वातंत्र्याची. आठ पोथ्या एकाच प्रतीवरून उतरल्या असल्यास साक्ष एकच. भिन्न परंपरांतील दोन पोथ्यांचें एकमत तिच्याहून बलवत्तर. संख्याशास्त्राचाहि निर्णय हाच: परस्परावलंबी नोंदी वाढल्या म्हणून प्रामाण्य त्या मानानें वाढत नाहीं. स्वतंत्र परंपरांच्या एकमतास असेंच महत्त्व देऊन विष्णु सीताराम सुखटणकर यांनीं पुण्याच्या भांडारकर संस्थेंत महाभारताच्या आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ति १९३३ सालीं पुरी केली.

पोथ्यांचें कूळ समान चुकांवरून कळतें. शुद्ध पाठ अनेकांनीं स्वतंत्रपणें राखलेला असूं शकतो. एकाच जागीं एकच ओळ गळणें सहसा स्वतंत्रपणें घडत नाहीं. सबब पोथ्या मोजण्यापूर्वीं त्यांचीं कुळें लावावीं, आणि एकटी पडलेली पोथी टाकाऊ समजूं नये, एवढीच आमची विनंति आहे.