वर्षातून दोनदा

१४ व्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला. तिथे द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा पिकतात, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. महाराष्ट्रातील फेसाळ वाइनचा इतिहास याच नोंदीपासून वाचायला हवा, असे माझे मत आहे.

थंड देशात द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते आणि वर्षाला एकच पीक देते. आपल्याकडे ती झोपत नाही. तिचे वर्ष कात्री ठरवते. एप्रिलच्या खरड छाटणीने काडी तयार होते, ऑक्टोबरच्या गोड छाटणीने घड येतात. दोन्ही वेळा पीक घेता येईल. पण पावसाळ्यातला घड केवडा रोगाच्या तावडीत सापडतो. म्हणून बागायतदार एकाच पिकावर थांबतो.

१९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी पायपर-हाइडसिक या फ्रेंच घराण्याच्या तंत्रसाहाय्याने नारायणगावला फेसाळ वाइन सुरू केली. वाइन बाटलीतच पुन्हा आंबवायची, ही शॅम्पेन प्रांताची रीत. ‘ओमर खय्याम’ परदेशी गेली. पुढे कंपनी कर्जात बुडाली, पण वाट पडली होती. २०१३ मध्ये मोएत हेनेसीने दिंडोरीची ‘शांदों’ बाजारात आणली.

रीत उसनी, पंचांग मात्र इथले. फेसाळ वाइनला आंबटपणा टिकलेली द्राक्षे लागतात. शॅम्पेनमध्ये ती साधारण सप्टेंबरात खुडतात. इथे थंडी सरायच्या आत, कारण ऊन वाढले की साखर चढते आणि आंबटपणा उतरतो. फ्रेंच लोक ज्याला ‘तेर्वार’ म्हणतात, त्यात माती, उतार, हवा आणि माणसाची वहिवाट सारेच येते. आपले तेर्वार मातीइतकेच या दोन छाटण्यांत आहे.

मी बीडजवळच्या पालीचा. गावालगत बिंदुसरा धरण आहे. याच भागात, निजामशाहीत बांधलेल्या खजाना विहिरीचे पाणी भुयारी मार्गाने शेतांपर्यंत जाते. इथून पाहिले की एप्रिलची छाटणी वेगळी दिसते. पुढच्या घडाचा गर्भ काडीत धरतो तो त्यानंतरच्या उन्हाळ्यात, म्हणजे तलाव तळाला गेलेले असताना. त्या दिवसांत पाणी द्राक्षाला की माणसाला, हा प्रश्न आमच्याकडे नवा नाही.

‘शाश्वत’ हा शब्द आता बाटलीवर छापला जाऊ लागला आहे. मराठवाड्यात त्याची परीक्षा सोपी आहे: मे महिन्यात वेलीला पाजलेले पाणी कुठून आले, एवढेच विचारावे.