श्रद्धेचा कोरडा काळ आणि फादर नेहेम्या गोरे

इंदूर शहराच्या दक्षिणेस, आग्रा-मुंबई मार्गावर भंवरकुआं नावाचा भाग आहे. विद्यापीठाचा परिसर आणि शिकवणीवर्ग यांमुळे तेथे तरुणांची सदैव वर्दळ असते. नावातली विहीर मात्र येणाऱ्याजाणाऱ्यांच्या ध्यानात क्वचितच येत असेल. आम्हांला ती आठवते ती निराळ्या कारणाने. सोळाव्या शतकात आविलाच्या संत तेरेसा यांनी आपल्या आत्मचरित्रात प्रार्थनेचे विवेचन करताना बागेला पाणी देण्याच्या चार रीती सांगितल्या: विहिरीतून शेंदून काढणे, रहाटाने काढणे, ओढ्याचे पाणी वळवणे आणि पाऊस. माळव्यातील शेतकऱ्यास याहून अधिक फोड करून सांगावी लागणार नाही. पण तेरेसांचे मर्म पहिल्या रीतीत आहे. माळी शेंदावयास जातो आणि विहीर आटलेली आढळते. तरीही त्याने विहिरीवर जाणे सोडू नये, कारण बाग त्याची नसून धन्याची आहे. हे त्यांनी कल्पनेने लिहिले नाही. अनेक वर्षे त्या स्वतः अशा कोरडेपणातून गेल्या होत्या.

सामान्य भाविकाचे मन आटले तर तो काही काळ मागच्या बाकावर गप्प बसू शकतो. पाळकास व उपदेशकास ती मुभा नाही. रविवार येतो, उपदेश द्यावा लागतो, आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना करावी लागते; आणि आपण बोलतो ते शब्द आपल्यालाच परके वाटत आहेत, हे सांगावयाचे कोणास? आमच्या मंडळ्यांत सेवकांच्या स्मरणार्थ निघणाऱ्या पुस्तिकांतून त्यांचे परिश्रम व यश यांची नोंद असते. त्यांच्या शंकांची नसते. म्हणून ज्यांच्या शंका इतिहासाने उघडपणे जपून ठेवल्या आहेत आणि ज्यांनी या इंदूर शहरातही सेवा केली, अशा एका मराठी धर्मगुरूंकडे वळणे आम्हांस उचित वाटते.

नीळकंठशास्त्री गोरे यांचा जन्म १८२५ साली झाशीजवळ एका कोकणस्थ ब्राह्मण घराण्यात झाला आणि त्यांचे संगोपन काशीत झाले. ख्रिस्ती धर्माशी त्यांची पहिली भेट प्रतिपक्षी म्हणून झाली. जॉन म्यूर यांच्या 'मतपरीक्षा' या संस्कृत ग्रंथास उत्तर म्हणून त्यांनी विशीच्या आतबाहेर 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा ग्रंथ रचला. पुढे मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याशी वाद घालता घालता त्यांचेच मन हलले, आणि दीर्घ झगड्यानंतर १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. घर तुटले. पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यामागून ख्रिस्ती झाल्या, पण थोड्याच वर्षांत निवर्तल्या. १८५३ साली जन्मलेली कन्या एलन लक्ष्मी परक्या कुटुंबात वाढली. एवढी किंमत दिलेल्या माणसास शंका शिवणार नाही, अशी आपली समजूत असते. तसे घडले नाही.

महाराजा दुलीपसिंग यांच्याबरोबर १८५४ साली गोरे इंग्लंडला गेले. ख्रिस्ती राष्ट्र म्हणून ज्याचे नाव ऐकले होते, ते राष्ट्र त्यांनी जवळून पाहिले. ऑक्सफर्ड येथे मॅक्स म्यूलर यांची भेट झाली तेव्हा ते किती व्याकूळ होते, हे म्यूलर यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. शुभवर्तमानात वाचलेला धर्म आणि लंडनच्या रस्त्यांवर दिसणारे जीवन यांची सांगड त्यांना घालता येईना. आमच्या मते हा प्रसंग त्यांच्या बाप्तिस्म्याइतकाच महत्त्वाचा आहे, कारण येथे परत फिरण्यास सबळ कारण होते. ते फिरले नाहीत. हिंदुस्थानात परतून त्यांनी १८६० साली 'षड्दर्शन दर्पण' हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १८७० साली त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली.

ग्रंथ लिहून शंका मिटल्या, असेही नव्हे. गोरे यांचे मन जन्मभर प्रत्येक निश्चयास पुन्हा उलटून पाहणारे होते. ऑक्सफर्डजवळील काउली येथील संत योहानाच्या संघात ते दाखल झाले, पण अंतिम व्रते त्यांनी कधीच घेतली नाहीत. या संघाच्या पहिल्या तीन व्रतस्थांपैकी एक, फादर सिमियन विल्बरफोर्स ओनील, इंदुरात अत्यंत साधेपणाने राहून सेवा करीत होते; गोरे काही काळ त्यांच्या सोबतीस होते. दोघांचे स्वभाव किती भिन्न! ओनील यांनी संघाच्या आरंभीच, १८६६ साली, व्रते घेतली आणि १८८२ साली इंदुरातच पटकीने त्यांचा अंत झाला. गोरे मात्र उंबरठ्यावरच राहिले. परंतु उंबरठ्यावरच्या माणसाने आपले नेमून दिलेले काम सोडले नाही, आणि आमच्या सेवकांनी लक्षात घ्यावे ते हेच.

येथे एक भेद करणे अवश्य आहे. चौथ्या शतकातील अरण्यवासी इव्हाग्रियस यांनी ज्या उद्वेगाचे वर्णन केले आहे, तो भर दुपारी संन्याशाला आपल्या खोपटीचा वीट आणतो आणि दुसरीकडे जाण्याची हुरहुर लावतो. त्यावर इलाज म्हणजे जागा न सोडणे. तेरेसांचा कोरडेपणा प्रार्थनेतला आहे. गोरे यांची व्यथा बुद्धीची होती. तिला 'अधिक प्रार्थना करा' एवढेच सांगणे म्हणजे ताप आलेल्यास जेवणाचा आग्रह करणे होय. बुद्धीच्या शंकेस अभ्यास लागतो, पुरावा लागतो, ऐकून घेणारा सोबती लागतो. आणि कित्येकदा या तिहींपैकी काहीच नसून माणूस नुसता थकलेला असतो. रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीयाला देवदूताने बोध केला नाही. त्याला झोपू दिले, भाकर व पाणी दिले. गोरे यांची अतिसूक्ष्म चिकित्सा अनुकरणीय आहे, असेही आम्ही म्हणत नाही. त्यांना स्वतःला तिचा फार त्रास झाला.

तथापि त्याच चिकित्सेचा उपयोग दुसऱ्या एका व्यक्तीस झाला. पंडिता रमाबाईंच्या प्रश्नांना गोरे यांनी धीराने, युक्तिवादाने उत्तरे दिली. आपल्या निर्णयात त्यांच्या लेखनाचा वाटा होता, हे रमाबाईंनी मान्य केले आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पण १९०७ सालच्या आपल्या साक्षीत त्या लिहितात की, त्यानंतर सुमारे आठ वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म गवसला होता, ख्रिस्त गवसला नव्हता. मुंबईत व पुण्यात शारदा सदन उभे राहिले, ते या आठ वर्षांच्या आतच. विधवांना अन्न, निवारा आणि विद्या देणाऱ्या बाईंच्या मनात तेव्हा काय चालले होते, याची आश्रितांना बहुधा कल्पना नसावी.

गोरे १८९५ साली मुंबईत वारले. त्यांचे चरित्र काउली संघाचेच सी. ई. गार्डनर यांनी लिहिले व ते १९०० साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या शंका गार्डनर यांनी त्यात झाकल्या नाहीत.