ग्रंथनामाची खूण

इ.स. १५०१ मध्ये व्हेनिसच्या आल्डस मनुशियसने व्हर्जिलचे काव्य हातात मावेल एवढ्या छोट्या आकारात छापले, आणि तेही सलग तिरक्या टाइपात. या अक्षरांचे ठसे फ्रान्चेस्को ग्रिफोने कोरले होते. पुढे युरोपातल्या छापखान्यांनी मजकुरासाठी सरळ टाइप ठेवला. तिरका टाइप उरला तो जोर द्यायच्या शब्दांसाठी, परभाषेतल्या शब्दांसाठी आणि ग्रंथांच्या नावांसाठी. एकाच रूपाला तीन कामे. वाचक संदर्भावरून ओळखायचा. संगणकाला ते जमणारे नव्हते.

१९६९ मध्ये आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली: मजकुराचा भाग कसा दिसावा हे लिहायचे नाही, तो काय आहे हे लिहायचे. त्यातून घडलेली एसजीएमएल ही पद्धत १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली, आणि जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबपाने लिहिण्याची एचटीएमएल ही भाषा रचताना तिचाच आधार घेतला.

नोव्हेंबर १९९५ मध्ये बर्नर्स-ली आणि डॅन कॉनोली यांनी एचटीएमएल २.० ची व्याख्या प्रसिद्ध केली. तीत नुसत्या तिरक्या अक्षरांसाठी एक टॅग, म्हणजे मजकुराभोवती घालायची खूण, आहे आणि पुस्तकाचे नाव किंवा तत्सम संदर्भ दाखवायला दुसरा. या दुसऱ्या टॅगची इंग्रजी अक्षरे सी, आय, टी, ई. पडद्यावर दोन्ही सहसा सारखेच दिसतात. पण दुसऱ्या टॅगमुळे पानावर कोणकोणत्या ग्रंथांचा उल्लेख आहे हे प्रोग्रॅमला वेचून काढता येते, आणि या टॅगचे खरे मोल तेच.

मात्र त्याचा अर्थ स्थिर राहिला नाही. १९९७ च्या एचटीएमएल ४ ने त्याची व्याख्या सैल केली आणि उदाहरण दिले ते चक्क एका माणसाच्या नावाचे, अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांचे. लोकांनीही मग अवतरणाखाली वक्त्याचे नाव याच टॅगमध्ये घालायला सुरुवात केली. एचटीएमएल ५ चे संपादक इयन हिक्सन यांनी ते थांबवले: टॅग फक्त कृतीच्या शीर्षकासाठी, व्यक्तीच्या नावासाठी नाही. यावर वेब डेव्हलपर जेरेमी कीथ यांनी २००९ मध्ये लेख लिहून हा नियम न पाळण्याचे उघड आवाहन केले. वर्षानुवर्षे लिहिली गेलेली पाने एका वाक्याने चुकीची ठरतात, ही त्यांची तक्रार रास्त होती. तरीही हिक्सन यांची बाजू अधिक पटते. ग्रंथ आणि ग्रंथकार एकाच खुणेखाली आले, की वेचणाऱ्या प्रोग्रॅमच्या हाती पुन्हा गोंधळच येतो.

२०१४ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने एचटीएमएल ५ च्या आपल्या प्रतीत लेखकाच्या नावाला मुभा दिली, ब्राउझर बनवणाऱ्यांच्या व्हॉटडब्ल्यूजी या गटाने आपल्या प्रतीत दिली नाही. एकाच टॅगचे दोन अधिकृत अर्थ! २०१९ मध्ये या दोघांत झालेल्या करारानंतर व्हॉटडब्ल्यूजीची प्रत एकमेव मानली गेली, आणि टॅग पुन्हा शीर्षकापुरता झाला.

मराठी पानांवर या टॅगची वेगळीच अडचण होते. देवनागरीत ग्रंथनाम तिरके छापण्याची जुनी रीत नाही. आपले जुळारी ‘श्यामची आई’ एकेरी अवतरणचिन्हांतच जुळवत आले. ब्राउझर मात्र टॅग दिसताच तिरका टाइप मागतो, फॉन्टमध्ये तो नसला तर सरळ अक्षरेच ओढून कलती करतो, आणि काने, वेलांट्या कलंडतात. उपाय सोपा आहे: पानाची भाषा मराठी असल्याचे नोंदवायचे आणि पानाचे रूप ठरवणाऱ्या शैलीपत्रकात दोन ओळी लिहून या टॅगमधली अक्षरे सरळ ठेवायची, दोन्ही बाजूंना एकेरी अवतरणचिन्हे आपोआप उमटवायची.