चौकटीचे दुकान आणि रानातील भिंत

पूर्वी ज्यास सुपे तालुका म्हणत आणि आज जो जोयडा या नावाने ओळखला जातो, तो प्रदेश चित्रकलेच्या इतिहासात कोणी धुंडाळू जाईल असा नव्हे. काळी नदी याच तालुक्यात डिग्गी येथे उगम पावते. तिच्यावरील धरण 1987 साली पुरे झाले आणि मूळचे सुपे गाव जलाशयाच्या पोटात गडप झाले. उरले ते दाट अरण्य, आणि त्यात विखुरलेल्या कुणबी, गवळी व सिद्दी यांच्या वाड्या. येथे घरी कोकणी, बाजारात मराठी आणि कचेरीत कानडी असा तीन भाषांचा व्यवहार चालतो. 1956 च्या नोव्हेंबरपर्यंत हा मुलूख मुंबई राज्यातच होता. शिक्षणासाठी वा पोटासाठी मुंबईची वाट धरणे येथील माणसास नवे नव्हते.

त्याच मुंबईत एका लहानशा खासगी कलादालनाने गेल्या शतकात जे घडविले, त्याचा विचार आम्ही येथे करणार आहो. जोयड्याच्या वाचकास तो दूरचा वाटेल. परंतु अखेरीस ती वाट त्याच्याच अंगणात येऊन पोहोचते असे आम्हांस वाटते.

या दालनाचा आरंभ चित्रांपासून झाला नाही; चौकटींपासून झाला. केकू गांधी हे 1920 साली जन्मलेले पारशी गृहस्थ. केंब्रिजला शिकत असता सुट्टीत मुंबईस आले आणि दुसऱ्या महायुद्धामुळे परतीचा मार्ग बंद झाला. एका बेल्जियन व्यापाऱ्याशी योगायोगाने ओळख होऊन 1941 मध्ये त्यांनी चित्रांच्या चौकटी बनविण्याचा कारखाना काढला व त्यास 'केमोल्ड' हे नाव दिले. प्रिन्सेस स्ट्रीटवरील दुकानाच्या दर्शनी काचेमागे रिकाम्या चौकटी मांडण्यापेक्षा त्यांत चित्रे बसवून ठेवावीत, म्हणजे चौकटही खुलते आणि चित्रही दिसते, असा साधा हिशेब होता. आरा, हेब्बर, हुसेन यांची चित्रे रस्त्याने जाणाऱ्या सामान्य माणसाच्या दृष्टीस प्रथम पडली ती अशा काचेमागे.

तो काळ नव्या चित्रकारांस मोठा अवघड होता. 1947 साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' स्थापन केला. त्यांपैकी फ्रान्सिस न्यूटन सूझा हे बारदेशातील साळगावचे. हरी अंबादास गाडे हे अमरावतीकडील तळेगाव दशासरचे. पुढे या मंडळात आलेले वासुदेव गायतोंडे जन्माने नागपूरचे, पण घराणे गोव्याचे. आपल्या भाषांच्या कुळातील ही माणसे; तथापि त्यांची चित्रे विकत घेणारा वर्ग जवळजवळ नव्हताच. युरोपातील नाझी अत्याचारांमुळे देशोधडीस लागून मुंबईत आलेले वॉल्टर लँगहॅमर, रूडी फॉन लायडन व इमॅन्युएल श्लेसिंजर यांनी या तरुणांस आधार दिला. एकाने शिकविले, दुसऱ्याने वर्तमानपत्रांतून लिहिले, तिसऱ्याने चित्रे विकत घेतली. तरीही सूझा 1949 मध्ये आणि बाकरे 1951 मध्ये विलायतेस निघून गेले. लंडनच्या 'गॅलरी वन' या अशाच एका छोट्या खासगी दालनात 1955 साली सूझांचे प्रदर्शन भरले आणि त्यांचे नाव झाले. कलावंतास देश सोडावा लागावा आणि परक्या शहरातील दोन खोल्यांनी त्यास ओळख द्यावी, यात आपल्या समाजाविषयी जे कळते ते फारसे सुखद नाही.

1952 च्या जानेवारीत जहांगीर आर्ट गॅलरीचे द्वार उघडले आणि मुंबईच्या चित्रकारांस हक्काच्या भिंती लाभल्या. परंतु भाड्याची भिंत आठवड्याने रिकामी करावी लागते. चित्र उतरले की कलावंत पुन्हा एकटा. त्याच्या पाठीशी वर्षानुवर्षे उभे राहील, न विकलेले चित्र सांभाळील, गिऱ्हाइकास त्याचा अर्थ उलगडून सांगेल, अशा दालनाची उणीव होती. बाल छाबडा यांनी 1959 साली 'गॅलरी 59' काढून ती भरून काढण्याचा प्रयत्न केला; भुलाभाई देसाई संस्थेत, जेथे गायतोंडे आपल्या खोलीत चित्रे रंगवीत, तेथेच ती होती. ती अल्पायुषी ठरली. पुढे 1963 मध्ये केकू गांधी आणि त्यांच्या पत्नी खोर्शेद यांनी जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर 'गॅलरी केमोल्ड' सुरू केली. तिची जागा बेताची होती. पण चौकटींचा धंदा पाठीशी असल्याने चित्र विकले नाही म्हणून दार लावून घेण्याची पाळी आली नाही. कलेच्या इतिहासात अशा रोकड गोष्टी सहसा लिहिल्या जात नाहीत. वस्तुतः त्यांवाचून तो इतिहास घडतच नाही.

या दालनाने अनेक नामवंतांस आश्रय दिला. अतुल डोडिया यांचे पहिले एकल प्रदर्शन 1989 मध्ये येथेच भरले. परंतु आमच्या मते तिच्या आयुष्यातील सर्वांत अर्थपूर्ण घटना 1975 ची. हस्तकलांच्या कामासाठी रानोमाळ भटकणारे चित्रकार भास्कर कुलकर्णी हे 1966 च्या सुमारास बिहारच्या दुष्काळात मिथिलेतील स्त्रियांना कागद वाटत फिरले होते. तेच पुढे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणूकडे वारली पाड्यांवर गेले. तेथे त्यांना जिव्या सोमा मशे भेटले. मशे यांची कागदावरील चित्रे 1975 साली केमोल्डच्या भिंतींवर लागली.

वारल्यांत लग्नाचा चौक लिहिणे हे सवाशिणींचे काम. गेरूने सारविलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने, पालघट देवीचा चौक लिहावा. धवलेरीने गाणे म्हणावे. मगच लग्न लागावे. मशे यांनी पुरुष असूनही काडी हाती घेतली आणि लग्नकार्याची वाट न पाहता ते रोज चित्रे काढू लागले. पुढे 1989 मध्ये पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रे गेली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि 2018 साली ते निवर्तले.

येथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. दालनाने मशे यांना नाव दिले, मोल दिले; पण ज्या सवाशिणींच्या हातून ही लिपी पिढ्यान्पिढ्या चालत आली, त्यांची नावे कोठे आहेत? चौक लग्नानंतर पुसट होत जाई, लिहिणारीचे नाव कोणी विचारीत नसे. विधी मोडून चित्र झाले, तेव्हा लाभ झाला तसा लोपही झाला. दालनास यासाठी दोष देणे सोपे आहे. परंतु दालन नसते तर आपण हा प्रश्नही विचारला नसता.

आता जोयड्याकडे वळू. या तालुक्यात आणि शेजारच्या हल्याळ, यल्लापूर व मुंडगोड भागांत सिद्दी राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. आज त्यांची बोली कोकणी. त्यांच्या स्त्रिया जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून गोधड्या शिवतात. त्यांस कवंद म्हणतात. काठापासून शिवीत मध्याकडे यायचे, टाका सारा हाताचा, आणि चारी कोपऱ्यांवर त्रिकोणी 'फुला' बसविल्याखेरीज काम पुरे मानायचे नाही. फुलांवाचून कवंद उघडी दिसते, असे त्या मानतात. या कवंदांचे प्रदर्शन 2011 साली न्यूयॉर्कच्या शोंबर्ग केंद्रात भरले. सूझांस लंडनला जावे लागले, तशी येथील गोधडीलाही अमेरिकेची वाट धरावी लागली.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच. केमोल्डची सुरुवात दुकानाच्या एका काचेपासून झाली. जोयडा, दांडेली वा हल्याळ येथे एखाद्या शाळेची वा ग्रंथालयाची एक कोरडी, उजेडाची भिंत मिळणे अशक्य नाही. तीवर वर्षातून दोनदा कवंदी टांगाव्यात, आणि प्रत्येकीखाली शिवणारीचे नाव, तिचा गाव व किंमत स्वच्छ अक्षरांत लिहावी. सवाशिणींच्या बाबतीत जे राहून गेले, ते निदान येथे राहू नये. सुपे गाव पाण्याखाली गेले, तेव्हा त्याच्या भिंतींवर कोणी काय लिहिले होते हे आता सांगता येणार नाही. ज्या भिंती अजून उभ्या आहेत, त्यांच्याविषयी मात्र तसे म्हणण्याची वेळ येऊ नये.