विषय आणि साक्ष

विषय नेमून देऊन भरविलेल्या छायाचित्रस्पर्धेत परीक्षक बहुधा दोन प्रश्न विचारतो : चित्र चांगले आहे काय, आणि ते विषयाला धरून आहे काय? तिसरा एक प्रश्न आहे. तो मला लखनौने शिकविला.

काही वर्षांपूर्वी येथील एका स्पर्धेत आम्ही तिघे परीक्षक होतो. विषय होता ‘लखनौ : काल आणि आज’. रेसिडेन्सीच्या भग्न भिंतीपाशी विषण्णपणे बसलेल्या एका शेरवानीधारी वृद्धाच्या चित्रास आम्ही एकमताने पहिले बक्षीस दिले. समारंभात विजेत्याने सहज सांगितले की, वृद्ध मजुरीवर आणला होता आणि शेरवानी भाड्याची होती. नियमांत याला कोठेच मनाई नव्हती. बक्षीस कायम राहिले. माझे समाधान मात्र गेले.

परततांना मला सिकंदरबाग आठवली. १६ नोव्हेंबर १८५७ रोजी कॅम्बेलच्या सैन्याने ती बाग घेतली, तेव्हा सुमारे दोन हजार शिपाई तेथे मारले गेले. फेलिचे बिआतो हा छायाचित्रकार लखनौस पोहोचला १८५८ च्या वसंतात, म्हणजे काही महिन्यांनी. त्याच्या जगप्रसिद्ध चित्रात भग्न वास्तूपुढे अस्थी विखुरलेल्या दिसतात. सर जॉर्ज कॅम्बेल या तत्कालीन अधिकाऱ्याने आपल्या आठवणींत नमूद केले आहे की, प्रेते झाकली गेली होती. छायाचित्रासाठी ती पुन्हा उघडी करविण्यात आली. म्हणजे संहार खरा, परंतु देखावा मांडलेला! त्यालाही एक विषय मिळालेला होता : विजेत्यांचा सूड. त्याचे परीक्षक म्हणजे ही चित्रे विकत घेणारे लोक होते.

विषयाचा हा दाब परक्यांवरच पडतो असे नव्हे. दारोगा अब्बास अली हे लखनौचेच, नगरपालिकेच्या अभियांत्रिकी खात्यातील. १८७४ मध्ये त्यांनी पन्नास छायाचित्रांचा ‘लखनौ आल्बम’ शहराच्या नकाशासह प्रसिद्ध केला. इंग्रज प्रवाशांना बंडाची स्थळे हवी होती. त्यांना त्यात मानाचे स्थान मिळाले. परंतु त्याच वर्षी त्यांनी शहरातील गायिका-नर्तिकांच्या चित्रांचेही पुस्तक काढले. त्या स्त्रियांचे चेहरे आज आपणांस दिसतात ते त्यामुळे. विषय ग्राहकाने ठरविला तरी डोळा छायाचित्रकाराचाच असतो, याचा हा पुरावा होय.

तेव्हापासून परीक्षक म्हणून मी एकच अट घालतो : चित्र कसे घेतले, हे प्रत्येकाने चार ओळींत लिहून द्यावे. मांडणी केली म्हणून मी गुण कापीत नाही. ती लपविली तर कापतो. कारण आजचे बक्षीसपात्र चित्र उद्या इतिहासाच्या न्यायासनापुढे साक्षीदार म्हणून उभे राहणार आहे, आणि त्या वेळी त्याची उलटतपासणी करावयास आपण कोणीही हजर नसू.